उमेदवाराचे आत्मनिवेदन आणि इतरांची साक्ष : शिफारसपत्रापासून लिंक्डइनपर्यंत

नोकरी मागणाऱ्या माणसाने स्वतःविषयी काय सांगावे, ते कोणास सांगावे, आणि ऐकणाऱ्याने त्याच्या सांगण्यावर विश्वास का ठेवावा, हे तीन प्रश्न फार जुने आहेत. गेल्या दोन दशकांत संगणकाच्या जाळ्यावरील व्यावसायिक परिचयपटाने, म्हणजे रूढ भाषेत ज्याला 'प्रोफाइल' म्हणतात त्याने, या प्रश्नांना नवे रूप दिले आहे. या परिचयपटांचे सर्वांत मोठे भांडार असलेल्या लिंक्डइनच्या भारतातील सदस्यांची संख्या २०२३ मध्ये दहा कोटींवर गेली. पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यासही आज असा परिचयपट लिहावा लागतो, आणि तो कसा लिहावा हे सांगणाऱ्या मार्गदर्शकांचा तोटा नाही. तथापि या मार्गदर्शनाच्या मुळाशी बहुधा एक गृहीतक असते. ते असे की, परिचयपट ही आत्मजाहिरातीची एक नवी कला आहे, आणि जो स्वतःला अधिक आकर्षक रीतीने मांडील त्याचे काम होईल.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक इतिहासाच्या आधारे तपासावयाचे आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : उमेदवाराच्या आत्मनिवेदनाचा इतिहास हा मुख्यतः साक्षीचा इतिहास आहे. उमेदवार स्वतःविषयी जे बोलतो त्याला दुसऱ्या कोणाची तरी साक्ष लागते. ही साक्ष ज्या ज्या वेळी मूठभरांच्या हाती गेली किंवा स्वस्त होऊन निरुपयोगी झाली, त्या त्या वेळी जुनी पद्धत मोडून नवी पद्धत आली. आजचा परिचयपट हा या मालिकेतील अगदी अलीकडचा दुवा होय. त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या दृष्टीने पाहिल्या असता अधिक स्पष्ट होतात.

१. एका अर्जाचा मसुदा

या विषयाच्या चर्चेत लिओनार्दो दा विंची याच्या एका पत्राचा उल्लेख नेहमी येतो, आणि तो योग्यच आहे. इ.स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दोने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे आश्रय मागण्यासाठी हे पत्र सिद्ध केले. त्याचा मसुदा 'कोडेक्स अत्लांतिकुस' या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्याच्या कागदपत्रांच्या संग्रहात आहे. मसुद्यातील हस्ताक्षर लिओनार्दोचे नाही, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून नीट लिहवून घेण्याची प्रथाही अर्जाइतकीच जुनी म्हणावयास हरकत नाही.

या पत्राची रचना पाहण्याजोगी आहे. लिओनार्दो हा फ्लॉरेन्समध्ये शिकलेला चित्रकार. परंतु पत्रात चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता येतो. आरंभीचे सगळे कलम युद्धविद्येचे आहे. सहज हलविता येणारे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याचे उपाय, तोफा, झाकलेले युद्धरथ, भुयारे अशी एकामागून एक क्रमांकवार यादी त्याने दिली आहे. त्यानंतर शांततेच्या काळातील वास्तुरचनेचे व जलवाहिन्यांचे काम येते, आणि त्यानंतर शिल्प व चित्र. यामागील कारण उघड आहे. मिलानच्या सत्तेला त्या वेळी युद्धाची चिंता होती. लिओनार्दोने स्वतःस काय प्रिय आहे ते बाजूस ठेवून, वाचणाऱ्याची गरज प्रथम मांडली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पत्राच्या अखेरीस तो म्हणतो की, यांपैकी काही अशक्य वाटल्यास आपण सांगाल तेथे प्रयोग करून दाखविण्यास मी तयार आहे. आपल्याजवळ मोठ्या माणसाची शिफारस असल्याचा दाखला तो या मसुद्यात देत नाही. साक्षीदाराच्या जागी तो प्रत्यक्ष प्रयोग ठेवतो. वाचकाची गरज प्रथम, कामांची नेमकी नावे, आणि शेवटी पडताळ्याची तयारी ही या पत्राची तीन अंगे पुढील विवेचनात पुनःपुन्हा येतील.

२. शिफारस, उमेदवारी आणि त्यांचे बंद दरवाजे

लिओनार्दोसारखा प्रयोग दाखविण्याची संधी फार थोड्यांना मिळते. सामान्य माणसाची भिस्त दुसऱ्याच्या शब्दावर असते. आपल्याकडील परिभाषाच याची साक्ष देते. 'शिफारस' आणि 'उमेदवार' हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. लॅटिनमधील 'कांदिदातुस' हा शब्द रोममधील निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या माणसाच्या शुभ्र वस्त्रावरून आला आहे. आपला 'उमेदवार' मात्र 'उमेद' म्हणजे आशा या शब्दावरून बनला. ही व्युत्पत्ती पुढे एकोणिसाव्या शतकातील कचेऱ्यांत शब्दशः खरी ठरली. जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी काम करीत राहणारा तरुण म्हणजे उमेदवार. तो नकला करी, हिशेब शिके, मोडी अक्षराला वळण लावी आणि वरिष्ठांच्या नजरेखाली राही. उमेदवारी हे त्याचे शिक्षण होते आणि परीक्षाही होती.

या पद्धतीचा गुण असा की, कामाचा पडताळा प्रत्यक्ष मिळे. दोष असा की, उमेदवारी करण्यासाठी कचेरीत पाय ठेवावयास मिळणे आणि पगारावाचून काही काळ पोट भरणे या दोन्ही गोष्टी लागत. पहिली गोष्ट नात्यागोत्याने व जातीने ठरे. दुसरी घरच्या स्थितीने. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात शिक्षण व सरकारी नोकऱ्या यांवरील ब्राह्मणवर्गाच्या वर्चस्वाकडे लक्ष वेधले, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

इंग्रजी राज्यातही शिफारशीचेच राज्य होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत शिरकाव होण्यासाठी संचालकाने नाव सुचविणे आवश्यक असे. १८५४ मध्ये मेकॉले समितीचा अहवाल आला आणि १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धापरीक्षा सुरू झाली, तेव्हा वरच्या दर्जाच्या नोकऱ्यांतील ही पद्धत मोडली. इंग्लंडच्या अंतर्गत कारभारासाठी नॉर्थकोट व ट्रेव्हेलियन यांचा अहवालही त्याच सुमाराचा. शिफारशीच्या जागी उत्तरपत्रिका आली. म्हणजे साक्ष देण्याचे काम व्यक्तीकडून परीक्षकाकडे गेले.

खालच्या दर्जाच्या नोकऱ्यांत मात्र दाखल्याचे महत्त्व राहिले. हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबे बदलीवर जाताना खानसामा, आया, माळी यांना 'चिठ्ठी' देत, आणि हे लोक अशा चिठ्ठ्या जपून ठेवून नव्या साहेबापुढे मांडीत. दुसऱ्याच्या चिठ्ठ्या उसन्या किंवा विकत घेऊन स्वतःच्या म्हणून दाखविण्याची युक्तीही त्यातूनच निघाली. ही युक्ती केवळ इकडचीच नव्हे. इंग्लंडमध्ये घरगुती नोकरांच्या खोट्या दाखल्यांना आळा घालण्यासाठी १७९२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता व त्यात वीस पौंडांच्या दंडाची तरतूद होती. साक्ष स्वस्त झाली की ती खोटी होऊ लागते, आणि खोटी होऊ लागली की खऱ्या साक्षीचेही मोल उतरते, हा नियम या कायद्याने जणू नोंदवून ठेवला आहे.

साक्षीचे वर्तुळ बंद असेल तर ते केवळ गुणाच्या आधाराने उघडत नाही, हे कोल्हापूरच्या इतिहासावरून दिसते. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या जाहीरनाम्याने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. ज्यांच्यासाठी कचेरीत शब्द टाकणारा कोणी नव्हता, त्यांच्यासाठी येथे राज्यसत्तेने स्वतः शब्द टाकला. या घटनेकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा वळावयाचे आहे.

३. मुकादम, पुस्तिका आणि नोंदणी

कचेरीबाहेरच्या श्रमिकांच्या जगात साक्षीचा प्रश्न आणखी तीव्र होता. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरण्याचे काम जॉबराकडे असे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस गाववाल्याच्या ओळखीने जॉबरापर्यंत पोहोचे, आणि काम मिळावे व टिकावे म्हणून त्यास दस्तुरी देई. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिटले आयोगाच्या अहवालात या पद्धतीची व तीतील लाचलुचपतीची सविस्तर चर्चा आहे. कामगाराजवळ कितीही कसब असले तरी ते जॉबराच्या तोंडूनच मालकापर्यंत जाई. दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या गिरणीत गेल्यावर त्याला आपली ओळख पुन्हा शून्यापासून उभारावी लागे. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना सुरू केली, तिचा एक हेतू जॉबराच्या या मक्तेदारीस आळा घालणे हा होता.

याच मुंबई बंदरातून जहाजावर जाणाऱ्या कोकणी व गोमंतकीय खलाशांची स्थिती एका बाबतीत निराळी होती. त्यांनाही मध्यस्थांचा जाच होताच, आणि काम मिळेपर्यंत गोमंतकीय खलाशी धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावच्या कुडांत मुक्काम करून वाट पाहत. परंतु खलाशाजवळ एक पुस्तिका असे. तीत प्रत्येक सफरीगणिक जहाजाचे नाव, रुजू झाल्याची व सुटका झाल्याची तारीख, हुद्दा, आणि कसब व वर्तणूक यांविषयीचा शेरा अशी नोंद होई. ही नोंद खलाशी स्वतः करीत नसे. जहाजाचा कप्तान व नौकानयन कचेरी यांच्या हातून ती होई. शिवाय ती पुस्तिका खलाशाबरोबर एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर जाई.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या पुस्तिकेचे महत्त्व मोठे आहे. तीत दोन गुण एकत्र आले होते : नोंद दुसऱ्याची, पण पुस्तिका स्वतःची. मुकादमाच्या पद्धतीत साक्ष मुकादमाच्या तोंडी अडकून राही; पुस्तिकेत ती कागदावर उतरून माणसाच्या मालकीची झाली. आजच्या व्यावसायिक परिचयपटाचा खरा पूर्वज शोधावयाचा असेल तर तो या पुस्तिकेत शोधावा, असे लेखकास वाटते.

यानंतरचा टप्पा सरकारी नोंदणीचा. इंग्लंडमध्ये १९०९ च्या कायद्यानुसार १९१० मध्ये श्रमविनिमय केंद्रे उघडण्यात आली. हिंदुस्थानात दुसऱ्या महायुद्धातून सुटून येणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले व त्यातून रोजगार विनिमय केंद्रांचे जाळे पसरले. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर व विशिष्ट मर्यादेवरील खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले. या केंद्रांतील नोंदणीपत्रावर वय, शिक्षण व अनुभव यांची जंत्री असे. साक्षीदाराची गरज येथे कमी झाली. परंतु जंत्रीत माणूस हरवला. एकाच पदवीचे हजारो नोंदणीदार कागदावर सारखेच दिसू लागले.

४. बायोडेटाची वंशावळ

त्याच काळात खाजगी अर्जासोबत जोडावयाचा 'बायोडेटा' आपल्याकडे रूढ झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, हा एकच शब्द नोकरीच्या अर्जासाठी आणि विवाह जुळविण्यासाठी वापरला गेला, आणि दोन्हींचा नमुनाही पुष्कळ अंशी सारखा राहिला. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, मूळ गाव आणि त्यानंतर शिक्षण. उमेदवार कोणत्या कुळातला हे प्रथम सांगावयाचे व त्याने काय केले हे नंतर, असा हा क्रम होता.

आपल्या परंपरेत याविरुद्ध इशारा नव्हता असे नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. तेथे स्वतःची स्तुती करणे आणि पूर्वजांचा मोठेपणा मिरविणे या दोन गोष्टी समर्थांनी एकाच ओवीत एकत्र आणल्या आहेत. स्वतःविषयी लिहावयास बसलेला मराठी विद्यार्थी अडखळतो, त्याच्या मनात यातील पहिला निषेध खोल रुजलेला असतो. दुसऱ्या निषेधाचा मात्र बायोडेटाने सर्रास विसर पडू दिला. या दोहोंच्या मधला जो मार्ग, म्हणजे केलेल्या कामाचे साधार कथन, तोच येथे विचारात घ्यावयाचा आहे. काम सांगणे म्हणजे स्तुती करणे नव्हे, एवढा विवेक राखला तर समर्थांच्या निषेधास बाध येत नाही.

५. जाळ्यावरील परिचयपट

नोकऱ्यांच्या जाहिराती संगणकाच्या जाळ्यावर प्रथम आल्या त्या वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींच्या रूपाने. अमेरिकेत 'मॉन्स्टर बोर्ड' १९९४ मध्ये सुरू झाले. भारतात 'नोकरी डॉट कॉम' १९९७ मध्ये. येथे जाहिरात नवी नव्हती, फक्त फलक नवा होता.

लिंक्डइनची कल्पना वेगळी होती. रीड हॉफमन व त्याचे सहकारी यांनी २००२ च्या अखेरीस ती आकारास आणली आणि ५ मे २००३ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्या मुळाशी समाजशास्त्रातील एक विचार होता. स्टॅन्ली मिलग्रम याने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दाखविले होते की, एकमेकांस अपरिचित असलेली दोन माणसे ओळखीच्या थोड्याच दुव्यांनी जोडता येतात. या विचारावर उभारलेले 'सिक्सडिग्रीज' हे स्थळ १९९७ मध्ये निघाले व काही वर्षांत बंद पडले. त्याचे एकस्व २००३ मध्ये हॉफमन व मार्क पिंकस यांनी सात लाख डॉलरांना विकत घेतले. लिंक्डइनवर माणसाच्या नावापुढे तो आपल्यापासून कितव्या दुव्यावर आहे हे दिसते, त्याचे मूळ येथे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये ही संस्था २,६२० कोटी डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले.

ओळखीच्या दुव्यांचा नोकरीशी संबंध कसा असतो याविषयी मार्क ग्रॅनोव्हेटर याचा १९७३ मधील निबंध पायाभूत मानला जातो. बॉस्टनजवळील न्यूटन या गावातील नोकरदारांच्या पाहणीत त्याला असे आढळले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत असे, ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, आणि २७.८ टक्क्यांची क्वचित. कारण सोपे आहे. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपणांसही बहुधा ठाऊक असते. नवी वार्ता दूरच्या ओळखीकडून येते. लिंक्डइनच्याच दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांत या सिद्धांतास पुष्टी मिळाली, मात्र थोड्या दुरुस्तीसह : अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम प्रमाणात दुबळे असलेले दुवे अधिक उपयोगी ठरतात.

ज्या वर्षी ग्रॅनोव्हेटरचा निबंध आला त्याच वर्षी, १९७३ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स याने नोकरीच्या बाजारातील 'संकेतां'विषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. मालकास उमेदवाराची खरी योग्यता दिसत नाही. तो काही खुणांवरून ती ताडतो. परंतु जी खूण योग्य व अयोग्य अशा दोघांनाही सारख्याच सहजतेने दाखविता येते, ती काहीच सांगत नाही. परिचयपटाच्या पुढील इतिहासाला ही कसोटी उत्तम लागू पडते. लिंक्डइनने २०१२ मध्ये एका टिचकीत दुसऱ्याच्या कौशल्याला अनुमोदन देण्याची सोय केली. ज्याचे काम कधी पाहिले नाही त्याच्या कौशल्यासही लोक अनुमोदन देऊ लागले, आणि उसन्या चिठ्ठ्यांची जुनी कथा नव्या रूपात पुन्हा घडली. याउलट, एखाद्या वरिष्ठाने स्वतःच्या नावाने लिहिलेली चार वाक्यांची शिफारस अद्याप वजन राखून आहे. ती लिहिण्यास वेळ लागतो, आणि लिहिणाऱ्याचे नाव तिच्याखाली सर्वांस दिसते.

६. परिणामकारक परिचयपटाची लक्षणे

वरील इतिहासावरून परिणामकारक परिचयपटाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊन ते पाहू.

पहिला निष्कर्ष शीर्षओळीचा. नावाखाली येणारी ही ओळ शोध घेणाऱ्यास सर्वप्रथम दिसते. 'इतिहासाची आवड असलेला मेहनती पदवीधर, संधीच्या शोधात' अशी ओळ पुष्कळजण लिहितात. यातील प्रत्येक शब्द कोणासही लिहिता येईल. स्पेन्सच्या कसोटीने तिचे मोल शून्य. त्याऐवजी 'मोडी कागदपत्रांचे वाचन व लिप्यंतर. एकोणिसाव्या शतकातील महसुली नोंदींवर एम.ए.चा प्रबंध' ही ओळ पाहा. तीत उमेद नाही, काम आहे. अभिलेखागार, संग्रहालय, प्रकाशनसंस्था किंवा जुन्या जमिनींचे दस्तऐवज तपासणारा वकील यांना माणूस हवा असेल, तर ते याच शब्दांनी शोध घेतील. लिओनार्दोने पूल आणि तोफा यांची नावे घेतली त्याच न्यायाने येथे कामाचे प्रचलित नाव घ्यावयाचे.

दुसरा निष्कर्ष अनुभवाच्या नोंदीचा. खलाशाच्या पुस्तिकेतील नोंद आदर्श मानावी : कोठे, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणत्या नात्याने, आणि काय पार पडले. 'दप्तर-सूचीकरणाच्या कामात सहभाग' यापेक्षा किती रुमाल पाहिले, सूची कोणत्या पद्धतीने केली आणि ती आज कोठे पाहावयास मिळते, हे सांगणे अधिक उपयोगी. जे खरोखर केले नाही ते लिहिण्याचा मोह येथे विशेष घातक ठरतो. पूर्वीचा अर्ज एका मालकापुरता असे. परिचयपट जुने सहकारी, शिक्षक आणि सहाध्यायी या सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडा असतो. खोट्या नोंदीचे साक्षीदार आयतेच जमलेले असतात.

तिसरा निष्कर्ष पडताळ्याचा. प्रबंधाचा सारांश, प्रसिद्ध झालेला लेख, केलेले लिप्यंतर किंवा व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण परिचयपटास जोडता येते. आपण सांगाल तेथे प्रयोग करून दाखवितो, या लिओनार्दोच्या वाक्याचा हा आजचा पर्याय होय. शिफारस मागताना ती ज्याने काम जवळून पाहिले आहे अशाकडूनच मागावी, आणि कोणत्या कामाविषयी लिहावे हे त्यास नम्रपणे सुचवावे. मोठ्या नावाच्या पण अपरिचित माणसाच्या दोन गुळमुळीत ओळींपेक्षा दप्तरखान्यातील प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्याच्या चार ओळी मोलाच्या.

चौथा निष्कर्ष ओळखींचा. परिचयपट लिहून ठेवणे हे अर्धेच काम आहे. परिसंवादात भेटलेला अभ्यासक, दोन वर्षे पुढे असलेला माजी विद्यार्थी, ग्रंथालयात एकदा मदत करणारा अधिकारी हे ग्रॅनोव्हेटरच्या अर्थाने दुबळे दुवे आहेत. त्यांच्याशी संबंध जोडताना आपण कोठे भेटलो व काय विचारावयाचे आहे हे दोन वाक्यांत लिहावे. सरसकट शेकडो अपरिचितांस पाठविलेली निमंत्रणे या कामी येत नाहीत.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. लिंक्डइनचा वापर २०२४ पासून मराठीतून करता येऊ लागला, आणि एकाच परिचयपटाची दुसऱ्या भाषेतील प्रत जोडण्याची सोयही आहे. मराठी साधनांवर काम करणाऱ्याने दोन्ही भाषांत लिहिणे इष्ट; कारण त्याचे काम मराठीत असले तरी शोध पुष्कळदा इंग्रजी शब्दांनी घेतला जातो.

७. मर्यादा

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणास असे वाटेल की, परिचयपटाने शिफारशीचे बंद वर्तुळ मोडले आहे. हे अंशतः खरे आहे. त्यात वडिलांच्या नावाचा रकाना नाही, जातीचा नाही. ज्याचा कोणी गाववाला कचेरीत नाही, त्यासही आपले काम चारचौघांपुढे मांडता येते. मुकादमाच्या दारात उभे राहिलेल्या माणसाच्या तुलनेत ही प्रगती लहान नाही.

परंतु रकाना गेला तरी आडनाव राहिले. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावांत होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढील फेरीस बोलावणे येण्याची संधी दलित नावास सुमारे दोनतृतीयांश, तर मुस्लिम नावास सुमारे एकतृतीयांश आढळली. अर्ज सारखेच होते. म्हणजे अधिक परिणामकारक लिहून ही तूट भरून निघाली नसती. त्याच अंकात सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी मालकवर्गाच्या मुलाखतींवरून दाखविले की, गुणवत्तेचा पुरस्कार करणारे अधिकारीही उमेदवाराच्या कौटुंबिक पार्श्वभूमीस मोठे महत्त्व देतात. बायोडेटातील जुना क्रम कागदावरून पुसला गेला तरी वाचणाऱ्याच्या मनात टिकून आहे. परिचयपटात तर नावाच्या शेजारी छायाचित्रही असते.

दुसरी मर्यादा वाचकाविषयी आहे. अर्जाचा पहिला वाचक आज पुष्कळदा माणूस नसून यंत्र असते, आणि यंत्र जुन्या निवडींवरून शिकते. ॲमेझॉन कंपनीने उमेदवारांची वर्गवारी करण्यासाठी तयार केलेली एक प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखते असे आढळल्याने सोडून द्यावी लागल्याचे वृत्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या दहा वर्षांतील अर्ज प्रामुख्याने पुरुषांचे होते, आणि यंत्राने तोच धडा घेतला. पूर्वी कचेरीत जो पूर्वग्रह माणसांच्या वर्तनात होता, तो येथे आकड्यांत साठविला गेला.

म्हणून कोल्हापूरच्या १९०२ च्या जाहीरनाम्याचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरू नये. आत्मनिवेदनाची साधने सुधारत गेली; पुस्तिका आली, नोंदणी आली, परिचयपट आला. प्रत्येक साधनाने साक्ष थोडी अधिक माणसाच्या स्वतःच्या हाती दिली. परंतु ती ऐकून घेण्याचे बंधन कोणत्याही साधनाने ऐकणाऱ्यावर घातले नाही. ते बंधन दर वेळी बाहेरून, म्हणजे कायद्याने, राज्याच्या धोरणाने किंवा जागृत लोकमताने घालावे लागले. विद्यार्थ्यास परिचयपट लिहावयास शिकविताना हे दोन्ही भाग शिकविले पाहिजेत. आपले काम नेमके, साधार आणि पडताळता येईल असे लिहिणे ही त्याची जबाबदारी आहे. ते लिहूनही बोलावणे आले नाही, तर दोष आपल्या लेखणीचाच असला पाहिजे, असा समज मात्र त्याने करून घेऊ नये. आणि विद्यापीठातील विभागांनीही त्यास तसा समज करून देऊ नये. किंबहुना आपल्या विद्यार्थ्याच्या कामाविषयी वेळीच, स्वतःच्या नावाने आणि नेमक्या शब्दांत साक्ष देणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी नोकरी केलेली नाही अशा विद्यार्थ्यास ती साक्ष देणारे दुसरे कोणी बहुधा नसते.